भिंतीवरील चित्र आणि भिंतीआडची वस्ती

गेल्या दहा वर्षांत आपल्याकडील लहानमोठ्या गावांचे रूप एका बाबतीत झपाट्याने पालटले आहे. ज्या भिंतींवर पूर्वी सिमेंटच्या, बियाण्यांच्या आणि निवडणुकीतील उमेदवारांच्या जाहिराती असत, त्यांवर आता चित्रे दिसू लागली आहेत. २०१६ साली केंद्र सरकारने शहरांच्या स्वच्छतेची स्पर्धा सुरू केली. तेव्हापासून नगरपालिकांना भिंती रंगविण्याचा मोठाच उत्साह आला. मोठ्या शहरांत हेच काम चित्रकारांच्या संस्था गरिबांच्या वस्त्यांतून करतात आणि त्यास लोकसहभागाची भित्तिचित्रे असे भारदस्त नाव देतात. या चित्रांमुळे उपेक्षित वस्तीला अभिमान प्राप्त होतो, असे त्यांचे पुरस्कर्ते सांगतात. ही गरिबीवर फासलेली रंगाची पुटे होत, असे टीकाकार म्हणतात. या वादात आज नवे वाटणारे पुष्कळसे पूर्वीच घडून गेलेले आहे, म्हणून त्याचा थोडा इतिहास पाहावा असे आम्हांस वाटते.

उदाहरणादाखल हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी हे तालुक्याचे गाव डोळ्यांपुढे ठेवू. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. पुढे तो परभणी जिल्ह्यात राहिला आणि १९९९ साली हिंगोली जिल्हा स्वतंत्र झाला तेव्हा त्यात आला. गावात मुसलमानांचे मोहल्ले आहेत, बौद्धांची वस्ती आहे आणि तालुक्यात आंध या आदिवासी जमातीची खेडी आहेत. आदिवासी विकास खात्याचे प्रकल्प कार्यालयही कळमनुरीसच आहे. म्हणजे ज्यांस आपण अल्पसंख्य अथवा उपेक्षित म्हणतो, असे तीन निरनिराळे समाज एका लहानशा तालुक्यात नांदत आहेत. या तिघांचे भिंतीशी असलेले नाते मात्र एक नाही. ज्यांच्या हाती रंगाचे अंदाजपत्रक असते त्यांनी हा भेद प्रथम ध्यानी घ्यावयास हवा.

महाराष्ट्रात भिंतीवर चित्र काढण्याची परंपरा दुहेरी आहे. एक धनिकांची. पेशवाईतील वाड्यांच्या दिवाणखान्यांतून, वाईजवळ मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यात, तिचे अवशेष पाहावयास मिळतात. तिच्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. भिंतही धन्याची आणि चित्रकारही धन्याने आणविलेला, एवढे सांगितले की पुरे. दुसरी परंपरा गरिबांच्या घरची. तिच्यातील सर्वांत प्रसिद्ध शाखा ठाणे व पालघर जिल्ह्यांतील वारल्यांची होय, आणि आमच्या विषयाचे मर्म वारल्यांच्या कथेत जितके उघड होते तितके दुसरीकडे क्वचितच होत असेल.

वारल्यांचे चित्र मुळात लग्नाचे. कुडाच्या भिंतीला शेणाने सारवून व गेरूने रंगवून तिच्यावर तांदळाच्या पिठाने, बोरूसारखी ठेचलेली काडी घेऊन, सवाशिणी चौक लिहीत. त्या चौकात पालघट देवी असावयाची. तिच्यावाचून लग्न लागावयाचे नाही. लग्न लावणारी धवलेरी ही देखील स्त्रीच. चित्र विकावयाचे नव्हते, टिकवावयाचेही नव्हते. विधी झाला की त्याचे काम संपले. ही हकीकत आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु ज्या लग्नासाठी तो चौक लिहिला जाई त्याच लग्नासाठी वारली तरुण सावकाराकडून कर्ज काढी, आणि त्या कर्जापायी नवराबायको दोघेही त्याच्या दारी राबत, हे फारसे कोणी सांगत नाही. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. मुंबई सरकारने नेमलेले सनदी अधिकारी सिमिंग्टन यांच्या अहवालात या प्रथेचे वर्णन आहे, आणि गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ती मोडली कशी याची कथा सांगितली आहे. १९४५ साली वारली उठले. त्या वर्षी १० ऑक्टोबर रोजी त्यांच्या जमावावर गोळीबार झाला व त्यात पाच वारली मेले. वेठ आणि लग्नगड्याची पद्धत मात्र त्या उठावाने संपली. याचा अर्थ असा की, ज्या पांढऱ्या रेघांचे आज इतके कौतुक होते त्या रेघा कित्येक पिढ्या गहाण पडलेल्या माणसांच्या झोपड्यांत काढल्या गेल्या, आणि त्यांना मुक्त केले ते चित्राने नव्हे, लढ्याने.

पुढे १९७० नंतर भास्कर कुलकर्णी हे हस्तव्यवसाय मंडळाच्या वतीने डहाणू तालुक्यात गेले व त्यांनी हे चित्र कागदावर आणविले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांच्या हातून ते जगभर गेले. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. म्हसे यांची योग्यता वादातीत आहे. तथापि भिंतीवरून कागदावर येताना या कलेत एक मोठा पालट झाला, तो असा की, बायकांच्या हातची विद्या बव्हंशी पुरुषांच्या हाती गेली. धवलेरीच्या गीताशी बांधलेले चित्र बाजारात आले. गाणारी मात्र घरीच राहिली. काही वारली कुटुंबांना यामुळे चार पैसे मिळाले व त्यांचे नाव झाले, हाही लाभच होय, आणि तो आम्ही लहान मानीत नाही.

यानंतरचा टप्पा आपण सारे रोज पाहतो. कागदावरचे हे चित्र पुन्हा भिंतीवर चढले आहे. पण त्या भिंती रेल्वे स्थानकांच्या, कचेऱ्यांच्या, उड्डाणपुलांच्या. काढणारा पुष्कळदा ठेकेदाराचा रंगारी असतो आणि त्याने वारल्यांचा पाडा कधी पाहिलेला नसतो. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. त्यासाठी आदिवासी तरुणांच्या संघटनेनेच खटपट केली होती. आपल्या रेघांवर आपला हक्क आहे, असे कायद्याकडून वदवून घेण्याची पाळी त्यांच्यावर यावी, यातच सर्व आले. खुद्द मुंबईत आरे वसाहतीत वारल्यांचे पाडे आहेत. २०१९ च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी तेथील झाडे एका रात्रीत तोडली जाऊ लागली, तेव्हा शहराच्या भिंतींवर तारपा वाजविणाऱ्या वारल्याचे चित्र होतेच.

आता कळमनुरीकडे वळू. वारली चित्र हे आदिवासींचे सरकारी चिन्ह बनून गेले आहे. आश्रमशाळा म्हटली की तारपा-नृत्याचे वर्तुळ आलेच. परंतु कळमनुरीच्या आंधांचा तारप्याशी काय संबंध? ते सह्याद्रीपलीकडचे नव्हेत. शेती व शेतमजुरी करणारे, मराठवाड्याच्या व विदर्भाच्या शिवेवर पिढ्यानपिढ्या राहिलेले लोक आहेत. अशा तालुक्यातील शाळेच्या भिंतीवर वारल्यांचे वर्तुळ काढले, तर आंधाच्या मुलाने ते पाहून काय ओळखावे? आपण आदिवासी आहो म्हणून आपले चित्र हेच, असे त्याने मानावे अशी अपेक्षा असते. दोनशे कोसांवरच्या पाहुण्याचा फोटो आणून हा तुझा आजा म्हणून सांगावे, त्यातलाच हा प्रकार. आदिवासी तितका एकच, ही समजूत आपल्या शिकलेल्या वर्गाच्या मनात किती खोल रुजली आहे याचा पुरावा अशा भिंती देतात.

मुसलमान मोहल्ल्याची गोष्ट निराळी. तेथे धर्मभावनेने माणसाची व प्राण्याची आकृती टाळण्याकडे कल असतो. तेथील सौंदर्यदृष्टी अक्षराच्या वळणात आणि वेलबुट्टीत रमते. मशिदीच्या गल्लीत हसऱ्या चेहऱ्यांची रांग रंगवून सद्‌भावना साधता येईल असे ज्यास वाटते, त्याने मोहल्ल्यातल्या एकाही वृद्धास विचारलेले नाही हे उघड आहे. तेथे भिंतीचा प्रश्न येतो तो लिपीचा. या बाबतीत फार दूर जावयास नको. शेजारच्या विदर्भात अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवरील पाटीवर मराठीच्या जोडीला उर्दूत नाव होते. ती उर्दू अक्षरे काढून टाकावी म्हणून वाद न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली ती मागणी फेटाळली आणि १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही उर्दू अक्षरे राहू दिली. मराठी राजभाषा असली म्हणून पाटीवर दुसरी भाषा लिहू नये असा कायदा नाही, आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, असा त्या निकालाचा आशय. कळमनुरीच्या वाचकास यातील एक विपर्यास विशेष जाणवेल. निजामाच्या काळी हीच लिपी कचेरीची होती, मराठी माणसास तिच्यावाचून दाद मिळत नसे, आणि आपल्या आजोबा-पणजोबांना तिचा जाच वाटे तो यथार्थ होता. आता ती दरबारची राहिली नाही, मोहल्ल्याची झाली. लिपी तीच, पण तिच्यामागची सत्ता गेली. जी पाटी तेव्हा हुकूम होती ती आज विनंती आहे. जुन्या हुकमाचा राग आजच्या विनंतीवर काढणे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

राहिली बौद्ध वस्ती. आमच्या मते मराठवाड्यातील खरेखुरे लोकसहभागाचे भित्तिचित्र तेथेच आहे, जरी त्यास ते नाव कोणी देत नाही. निळ्या कोटातील, हाती राज्यघटना घेतलेले बाबासाहेब, शेजारी बुद्ध, वर पंचशील ध्वज. हे चित्र गावोगावच्या भीमनगरांत दिसते. काढणारा गावातलाच पेंटर, दुकानांच्या पाट्या व ट्रकच्या पाठी रंगविणारा. पैसा वर्गणीचा, मुहूर्त १४ एप्रिलचा. कलासमीक्षकाने पाहिले तर तो त्यातील नाकडोळ्यांच्या मापात दोष काढील. पण हे चित्र शोभेसाठी काढलेलेच नाही. येथे आम्ही राहतो, आणि ताठ मानेने राहतो, असे ते वाटसरूस सांगत असते.

हे सांगण्याची किंमत काय पडते, हे मराठवाड्याइतके कोणास ठाऊक असणार? २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला. मागणी होती विद्यापीठाच्या वेशीवर एक नाव लिहिण्याची. आग लागली ती मात्र शेकडो खेड्यांतील झोपड्यांना. परभणी व नांदेड जिल्ह्यांत, म्हणजे ज्यात त्या वेळी कळमनुरी होते त्या टापूत, दलित वस्त्यांवर फार अत्याचार झाले. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीस पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. ठराव अमलात येण्यास सोळा वर्षे लागली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामांतराऐवजी नामविस्तार झाला आणि जुन्या नावाच्या आधी बाबासाहेबांचे नाव जोडले गेले. आज ती वेस हजारो माणसांचे यात्रास्थान आहे. भिंतीवर अथवा वेशीवर काय लिहावे, हा प्रश्न रसिकतेचा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ही सोळा वर्षे आठवावी.

परदेशचा इतिहासही हेच सांगतो. १९६७ साली शिकागो शहराच्या दक्षिण भागातील काळ्या लोकांच्या वस्तीत एका मोडकळीस आलेल्या इमारतीवर तेथील काळ्या चित्रकारांनी ‘आदराची भिंत’ रंगविली. तिच्यावर त्यांनी आपल्या समाजाचे गवई, कवी, खेळाडू व पुढारी यांची चित्रे काढली. कोणाचे चित्र काढावे हे ठरविताना वस्तीचा सल्ला घेतला गेला, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांना त्यातून जाणूनबुजून वगळले. त्या वेळी तेथील तरुणांना त्यांची वाट सौम्य वाटत होती. पुढे या मंडळींत आपसांत तंटा झाला व एका चित्रकाराने काढलेला भाग त्याच्या संमतीवाचून पांढरा करून दुसऱ्याने त्यावर नवे चित्र काढले. ही घटना आम्ही मुद्दाम सांगतो. कारण वस्ती म्हणजे एक मन आणि एक तोंड अशी भाबडी कल्पना लोकसहभागाची भाषा बोलणाऱ्यांची असते. प्रत्येक वस्तीत तरुण असतात, म्हातारे असतात, दादा असतात, आणि कोणी न विचारलेल्या बायका असतात. या भिंतीचे अनुकरण अमेरिकेत गावोगाव झाले. पण ज्या जमिनीवर ती उभी होती ती वस्तीच्या मालकीची नव्हती. १९७१ च्या आगीनंतर इमारत पाडण्यात आली आणि तिच्याबरोबर भिंतही गेली.

याच्या अगदी उलट सान डिएगो शहरातील मेक्सिकन वंशाच्या लोकांची गोष्ट. त्यांच्या वस्तीतून प्रथम महामार्ग आणि मग मोठा पूल गेला, घरे उठली. पुलाखालची जागा बागेसाठी देण्याचे कबूल करून तेथे पोलिसांचे ठाणे बांधावयास सुरुवात झाली, तेव्हा २२ एप्रिल १९७० रोजी बायकापोरांसह लोक त्या जागेवर जाऊन बसले आणि बारा दिवस हलले नाहीत. बाग मिळाली. पुलाच्या खांबांवर चित्रे निघू लागली ती त्यानंतर, १९७३ पासून. आज त्या बागेस अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान आहे. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे: जागा आधी, रंग मागाहून. बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग भागात, जेथे तुर्कांची मोठी वस्ती आहे, ब्लू नावाच्या चित्रकाराची दोन प्रचंड भित्तिचित्रे २०१४ च्या डिसेंबरात त्याच्याच संमतीने एका रात्रीत काळी करण्यात आली. चित्रांमुळे भाव चढलेल्या त्या जागेच्या विक्रीत आपल्या कलेची भर नको, हा त्यामागचा हेतू होता. आपले चित्र पुसून टाकण्याइतका प्रामाणिकपणा विरळाच.

मुंबईतील असल्फ्याचा प्रयोग पुष्कळ वाचकांच्या स्मरणात असेल. २०१७ च्या अखेरीस घाटकोपरजवळच्या या टेकडीवरील झोपड्यांच्या भिंती शेकडो स्वयंसेवकांनी तांबड्या-पिवळ्या-निळ्या रंगांनी रंगविल्या. मेट्रोच्या स्थानकावरून हे दृश्य पाहणाऱ्यांना इटलीतील समुद्रकाठच्या गावांची आठवण झाली आणि वृत्तपत्रांनी तशी शीर्षके दिली. रहिवाशांपैकी अनेकांना आनंद झाला, आणि तो खोटा म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. आपले घर देखणे दिसावे असे कोणास वाटत नाही? मात्र ही शोभा नीट दिसते ती दुरून, गाडीतून. जो आत राहतो त्याला दिसते ती पलीकडच्या घराची भिंत. याच घाटकोपरात आझादनगरच्या वस्तीवर १२ जुलै २००० रोजी दरड कोसळून साठाहून अधिक माणसे गाडली गेली होती. डोंगराच्या उतारावर राहणाऱ्यास पावसाळ्यात लागते ती संरक्षक भिंत. ती बांधणे खर्चाचे व वेळखाऊ काम आहे. रंग मात्र दोन-चार सुट्ट्यांत लागतो आणि त्याचे छायाचित्र त्याच दिवशी निघते.

धारावीत याहून निराळ्या जातीचे एक चित्र निर्माण झाले होते, आणि तेही फार वाईट दिवसांत. १९९२-९३ च्या दंगलीने ती वस्ती होरपळली. त्यानंतर शेजारी शेजाऱ्याशी बोलावा म्हणून भाऊ कोरडे आणि वकार खान या दोघा धारावीकरांनी मोहल्ला समितीचे काम हाती घेतले. वकार खान हे तयार कपड्यांचा धंदा करणारे; चित्रकार नव्हेत. त्यांनी चार मुलांना चार धर्मांच्या पुरोहितांचे वेष घालून उभे केले, त्यांचे छायाचित्र काढविले आणि ‘हम सब एक हैं’ या अक्षरांसह ते छापून धारावीच्या गल्ल्यांतून लावले. ते शहरभर गेले, पोलीस ठाण्यांतही लागले. या दोघांवर पुढे ‘नाता’ नावाचा माहितीपट निघाला. कलेच्या दृष्टीने त्या कागदात काही विशेष नव्हते. असल्फ्याची टेकडी त्याहून शतपट देखणी. पण तो लावणारा माणूस दुसऱ्या दिवशीही त्याच गल्लीत राहणार होता, आणि तो फाडला गेला असता तर आपला कोणता शेजारी रागावला आहे हे त्यास कळणार होते. लोकसहभाग या शब्दाचा याहून नेमका अर्थ आम्हांस अन्यत्र आढळला नाही.

त्याच धारावीत भिंतीवरच्या आणखी एका लिखाणाला फार महत्त्व आहे. १९७६ साली मुंबईत झोपडपट्ट्यांची गणती झाली. झोपड्यांना क्रमांक पडले व कुटुंबांना छायाचित्राचे ओळखपत्र मिळाले. ते ओळखपत्र लोकांनी दागिन्यांबरोबर पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले, कारण घर पाडावयास कोणी आले तर दाखवावयास तेवढेच होते. आता पुनर्विकासासाठी मार्च २०२४ पासून पुन्हा घरोघर फिरून क्रमांक देण्याचे काम सुरू झाले. १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरील घरांना धारावीतच घर मिळावयाचे आहे. त्यानंतर आलेल्यांना आणि माडीवर राहणाऱ्यांना धारावीबाहेर. धारावीच्या भिंतींवर गेल्या काही वर्षांत पुष्कळ रंगीत चित्रेही निघाली आहेत व ती पाहावयास परदेशी प्रवासी येतात. तेथील रहिवासी मात्र सध्या त्या चित्रांकडे पाहत नाहीत; आपल्या शिडीच्या पायथ्याशी कोणता क्रमांक पडला आणि आपले बिऱ्हाड शिडीच्या खाली धरले की वर, एवढेच ते पाहत आहेत.